घराखालून दिसणारी नदी

जमादार सरांना चहा पाजणं सोपं नव्हतं. तसा माणूस चहाचा भुकेला. ऑफिसात दिवसाला सात-आठ कप व्हायचे, आणि चमचा सापडला नाही की साखर पेन्सिलीनं ढवळायची, हे मी अकरा वर्षं रोज बघितलंय. पण स्वतः बांधून दिलेल्या घरी गेले आणि मालकीणबाईंनी "या सर, चहा टाकते" म्हटलं, की हे गेटातच उभे. म्हणायचे, "आधी खाली. मग चहा."

खाली म्हणजे घराखाली. शौकत जमादार कोल्हापुरातले आर्किटेक्ट आणि मी त्यांच्याकडं ड्रॉइंग करणारी. दुकानं, बंगले, एक मंगल कार्यालय असं बरंच काय काय त्यांनी केलं, पण नाव झालं ते नदीकाठच्या घरांमुळं. आमच्याकडं नदीकाठ म्हणजे काय, ते सांगायला नको. एप्रिलात पोरं जिथं क्रिकेट खेळतात तिथं जुलैत होडी चालते. अशा जागी सर घर खांबांवर उचलायचे आणि खालचा मजला मोकळा सोडायचे. खाली भिंत नाही, दार नाही, नुसते गोल खांब. गोल का, तर चौकोनी खांबाच्या कोपऱ्याला वाहून आलेला पाला आणि फांद्या अडकतात, आणि बघता बघता खांबाचीच भिंत होते. विजेचे बोर्ड वर, पाण्याची मोटर वर, जिनासुद्धा फटी ठेवलेल्या पायऱ्यांचा. पाणी आलं तर आलं तसं खालून निघून जाणार आणि माणसं वर कोरडी बसणार.

"पाणी हे जुनं भाडेकरू हाय," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "तुमच्या आधीपास्नं ऱ्हातंय. त्याची खोली त्याला सोडायची, मग आपण ऱ्हायचं. कोर्टात गेलासा तरी निघणार न्हाय ते."

गिऱ्हाईक हसायचं, मान डोलवायचं, आणि घर झालं की दोन वर्षांत खाली भिंत घालायचं. हे सरांचं खरं दुखणं. कारण घराखालची मोकळी जागा आपल्या माणसाला बघवत नाही. "एवढी जागा वाया चाललीया की!" असं पहिला पाव्हणा म्हणतो, दुसरा म्हणतो "गाळा काढा, भाड्यानं द्या", आणि तिसरा वाळूचा ट्रक पाठवून देतो.

म्हणून दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, सर आपल्या घरांची फेरी काढायचे. बोलावणं नाही, फोन नाही. जुनी पांढरी मारुती, मागच्या सीटवर मी आणि नकाशांची गुंडाळी. मी पुढं बसायला गेले की म्हणायचे, "पुढच्या सीटवर मापाची टेप हाय, तिला बसू दे." नदीकाठचे रस्ते भराव टाकून उंच केलेले आणि प्लॉट खाली, त्यामुळं गेटात उभं राहिलं की घराचं पोट आपल्या कमरेला येतं. सर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायचे, वाकायचे आणि खालून पलीकडं बघायचे. पलीकडं नदी दिसली की घर बरोबर. मग चहा, मग पोह्यांची थाळी, मग त्या घरातल्या कुत्र्याचीही विचारपूस. नाही दिसली तर वळायचे आणि गाडीत येऊन बसायचे. मालक मागनं "सर, सर" करत पळत यायचा. सर काच वर करायचे. मला इतकी लाज वाटायची की काय सांगू! लोकांच्या दारात जाऊन चहाला नाही म्हणायचं, तेही आपल्याच गिऱ्हाइकाच्या. एकदा मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाले, "चहा प्यालो म्हणजे पसंत हाय म्हटल्यागत होतंय."

माणूस दिसायला अगदी साधा. उंची बेताची, दोन्ही खिशांत खडू, कानावर गवंड्यासारखी पेन्सिल. वडील पेठ वडगावचे, पेशानं गवंडीच होते. त्यांच्याकडनं सरांनी एक गोष्ट उचलली होती. नवीन प्लॉट आला की एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन जायचे आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ तिथं नुसते बसून यायचे. वारा कुठनं येतो, ऊन कुठं भाजतं, गुरं कुठल्या वाटेनं पाण्यावर जातात, ते बघायचे. आजूबाजूच्या लोकांना पाणी कुठवर येतं असं मात्र कधी विचारायचे नाहीत. "त्याचं उत्तर प्रत्येक जण वेगळं देतोय. जमीन विकायची असली तर गुडघाभर, नुकसानभरपाई पायजे असली तर गळ्यापतोर." ते विचारायचे, "गेल्या पुरात म्हशी कुठं बांधलतासा?" त्याचं उत्तर मात्र सगळे एकच देत. पाणी कितीही विसरलं तरी म्हैस कुठं बांधली ते कुणी विसरत नाही.

आणि दुसरी गोष्ट, घरातल्या बाईला विचारल्याशिवाय रेघ मारायची नाही. पुरुष लोक काचेची भिंत, पायऱ्यांचा घाट, डबल हाइटचा हॉल असलं मोबाइलवरचं दाखवत बसायचे. सर स्वैपाकघरात जाऊन विचारायचे, "वैनी, दिवसातनं किती वेळ बसताय?" मग नदीकडची जागा हॉलला न देता ओट्याला द्यायचे. "जी बाई दिवसाला सहा तास उभी असती, तिनं भिंतीकडं बघायचं आणि जो दहा मिनिटं टेकतोय त्यानं नदी बघायची, हे कुठलं शास्त्र?" यावर भांडणं व्हायची. ड्रॉइंग मला तीन-तीनदा करावं लागायचं, ते वेगळंच.

भिंतीचा एवढा राग का, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. वडिलांनी तरुणपणी एका बागायतदाराची दगडी कंपाउंड वॉल बांधली होती. एकसारखी, देखणी, लोक बघायला यायचे. त्या पावसाळ्यात पाणी भिंतीला तटलं आणि मागच्या वस्तीत शिरलं. माणसं वाचली, घरं बसली. भिंत मात्र जागची हलली नाही, इतकी पक्की. वडील पुढं आयुष्यभर त्या रस्त्यानं गेले नाहीत. "कामात चूक न्हवती," सर म्हणाले, "तेच वाईट." एवढं बोलून त्यांनी मला जिन्याचं माप विचारलं.

तर, भिंती थांबवायच्या कशा? सरांनी बरंच करून बघितलं. गिऱ्हाइकांना समजावलं, फोटो दाखवले. उपाय सापडला तो गारगोटीला. तिथं नदीकाठी एका शिक्षकांचं घर होतं. आम्ही फेरीला गेलो, सर वाकले, नदी दिसली. पाच वर्षं झाली होती तरी एक वीट चढलेली नव्हती. सरांना विश्वास बसेना. खाली उतरून बघतात तर खांबांच्या मधे तीन दगडांच्या दोन चुली, काळ्याकुट्ट, शेजारी लाकडाचा ढीग आणि उलटी घातलेली पातेली. शिक्षक जरा लाजत म्हणाले, "आयतवारी भाऊबंद जमत्यात. वर मटण शिजवलं की घरभर वास येतोय म्हणून हिनं खाली काढून दिलंय आमाला." सर उकिडवे बसून त्या राखेकडं कितीतरी वेळ बघत राहिले. मग उठून त्यांनी मास्तरांना मिठीच मारली.

त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक नकाशात खालच्या मजल्यावर 'मोठी चूल – ३ नग' आणि 'मसाला वाटायचा कट्टा' आला. त्याचं चिन्ह कॉम्प्युटरवर मलाच काढावं लागलं, कारण जगात दुसऱ्या कुणी ते काढलेलं नव्हतं. परवानगीच्या ऑफिसातल्या साहेबांनी एकदा विचारलं, "हे तीन गोल कसले? टाक्या?" सर म्हणाले, "न्हाय, तांबडा, पांढरा आणि सुक्कं." साहेबांनी सही केली, आणि आपल्या मेव्हण्याचं कामही आम्हाला दिलं. "कोल्हापूरचा माणूस एक वेळ देव्हारा हलवील," सर म्हणायचे, "पण मटणाची चूल हलवणार न्हाय." आणि झालंही तसंच. चुली आल्या आणि भिंती थांबल्या. मे महिन्याची फेरी आनंदाची झाली, आणि माझं वजन चार किलोनं वाढलं.

मग मगदूम आले.

मगदूम आप्पा हुपरीचे चांदीवाले. पैंजणांचा मोठा व्यापार, बोटांत मात्र एक अंगठी नाही. त्यांनी शहराबाहेर नदीच्या वळणावर जमीन घेतली होती. निळ्या पूररेषेच्या बाहेर, लाल रेषेच्या आत, म्हणजे कायद्यानं घर बांधता येतं पण निसर्गाची परवानगी नाही. थोरला मुलगा सुकुमार पुण्यात शिकून आलेला. त्याला मासिकातल्यासारखं घर हवं होतं. उघडं काँक्रीट, लांबलचक गॅलरी, पश्चिमेला सगळी काच. सरांनी प्लॉटवर खुर्ची टाकली, चार दिवस बसले आणि कामाला लागले. आणि सांगते, असं घर त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. बारा गोल खांब, नदीच्या धारेला समांतर दोन ओळींत. त्यावर एकच लांब स्लॅब, दोन्ही टोकांना हवेत गेलेला. काच दिली, पण सहा फूट आत, छपराच्या सावलीत. दुपारच्या उन्हात नदीवरचा उजेड खालून परतून हॉलच्या छतावर हलायचा. मी नकाशातलं घर उभं राहताना खूपदा बघितलंय, पण त्या छताखाली गेले तेव्हा माप घ्यायचं सोडून मीही वरच बघत बसले.

अडचण एकच होती. मगदूम जैन. पहिल्याच बैठकीला सर उत्साहात चुलींवर आले, तसे आप्पा म्हणाले, "सर, आमच्यात अंडं बी चालत न्हाय." सरांचा चेहरा असा पडला की मला हसू दाबायला पदर तोंडात घालावा लागला.

दुसरी अडचण हौसाबाई. प्लॉटच्या वरच्या अंगाला तिचं पत्र्याचं घर, गोठा आणि चार म्हशी. नवरा नाही, मुलगी दिलेली, दुधावर चालायचं. तिच्या गोठ्यामागनं एक ओढा यायचा. पावसात तो फुटला की पाणी मगदुमांच्या प्लॉटवर पसरून नदीत जायचं. आणि बांधकामाचे ट्रक न्यायला वाट होती ती नेमकी तिच्या बांधावरनं. ती बांधावर आडवी बसली.

"हितं घर झालं की वड्याचं पाणी कुठं जाणार?" ती म्हणाली. "माझ्या गोठ्यात. म्हशीला पवता येतंय ओ सायेब, पर दावणीला बांधलेली म्हस कशी पवंल?"

सरांनी मांडी घालून बांधावरच नकाशा पसरला. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून खडूनं दगडावर खांब काढून दाखवले. म्हणाले, "मावशी, माझ्या घराखाली भिंत न्हाय. पाणी आडणार न्हाय. माझा शब्द हाय."

"शब्द कुणाचा? घर त्यांचं हाय न्हवं?"

"शब्द माझा," सर म्हणाले.

तिनं दगडावरचे खांब बोटानं मोजले आणि बांधावरनं उठली.

इथं सरांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती चूक केली. चूल नाही, तर दुसरं काहीतरी शोधायला पाहिजे होतं. त्याऐवजी त्यांनी आप्पा आणि सुकुमारकडनं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं, की खाली बांधकाम करणार नाही. नोटरी, सह्या, साक्षीदार, सगळं. आप्पांच्या पत्नीला, आक्कांना, त्यांनी ओट्याची उंची विचारली, खिडकी विचारली, पण घराखाली काय असावं हे विचारलं नाही. मी म्हटलं, "सर, आक्कांना एकदा..." तर म्हणाले, "कागद हाय की आता." घराच्या प्रेमात पडले होते, दुसरं काय!

पहिल्या मे महिन्यात नदी दिसली. दुसऱ्या मे महिन्यात सर वाकले आणि तसेच राहिले. मला वाटलं पाठीत उसण भरली. मीही वाकून बघितलं. ओढ्याच्या अंगाला आणि रस्त्याच्या अंगाला भिंती, नदीच्या बाजूला लोखंडी शटर, आत मशिनांचा आवाज. सुकुमारनं पैंजणं पॉलिश करायचं वर्कशॉप खाली आणलं होतं.

आक्का वर गॅलरीत आल्या. "या की सर, चहा ठेवलाय."

सरांनी वर बघितलंसुद्धा नाही. सुकुमार खाली आला. चांगला बोलला तो, उद्धट नाही. "सर, दोन वर्षं पाणी आलं न्हाय. आणि हुपरीत जागा पुरंना. पाणी आलं तर शटर उघडू की, काय त्यात!"

"कागद?" सर म्हणाले.

"कागद हाय, कोण न्हाय म्हणतंय? पर भिंत हलकीच हाय, सर. चार इंची."

सर वळले आणि गाडीत येऊन बसले. कोर्टात जाऊया असं मी गाडीत म्हटलं, तर म्हणाले, "निकाल लागंपतोर तिच्या म्हशी म्हाताऱ्या व्हतील." आणि गाडी सरळ हौसाबाईच्या दारात लावली. मी म्हटलं, ह्यांनी सांगायलाच पाहिजे असं काही नाही, तिला रोज दिसतंयच की. पण उतरले. उंबऱ्याशी उभं राहून म्हणाले, "मावशी, मी दिलेला शब्द मोडलाय."

मग हौसाबाईनं त्यांना जे ऐकवलं ते मी सगळं लिहू शकत नाही. पांढरपेशा भाषेत त्याला शब्द नाहीत. शेवटी म्हणाली, "तुमच्या शब्दाचं लोणचं घालू व्हय मी? आता म्हशी कुठं बांधू तेवढं सांगा!"

"माझ्या दारात," सर म्हणाले. "पाणी चढायला लागलं की टेम्पो करून या. पत्ता लिहून देतो."

मला वाटलं, माणूस रागाच्या भरात बोलतो तसं बोलले. हौसाबाईला तसं वाटलं नाही. तिनं पत्त्याची चिठ्ठी घेऊन देवाच्या फोटोमागं ठेवली.

जुलैच्या शेवटी चार दिवस पाऊस ओसरला नाही. पाचव्या दिवशी सकाळी सरांच्या कॉलनीत एक टेम्पो शिरला. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेचे निवृत्त मॅनेजर अशी ती कॉलनी, गेटवर नावाच्या पितळी पाट्या. टेम्पोतनं हौसाबाई उतरली, मागनं चार म्हशी. सरांचं स्वतःचं घर म्हणजे आमच्या ऑफिसची शान, उघड्या विटांचं, पोर्चमध्ये शहाबादी फरशी, एक पान पडलेलं चालायचं नाही. त्या पोर्चच्या खांबांना चार म्हशी बांधल्या गेल्या. मी ऑफिसच्या सह्या घ्यायला गेले तर सर गुडघ्यापर्यंत पँट दुमडून वैरण टाकत होते, आणि रेहानाभाभी दारात हात कमरेवर ठेवून उभ्या.

"लग्नात म्हणाले होते, आर्किटेक्टच्या घरात राहशील," भाभी मला म्हणाल्या. "गोठ्यात म्हणाले नव्हते."

पण दूध काढायला हौसाबाईच्या शेजारी त्याच बसायच्या. कॉलनीत दोन दिवस कुरकुर झाली. तिसऱ्या दिवशी पुरामुळं दुधाचे ट्रक यायचे बंद झाले, आणि पितळी पाट्यांमागची सगळी मंडळी पातेली घेऊन जमादारांच्या पोर्चमध्ये रांगेत उभी राहिली. हौसाबाईनं मापात कुणाला सूट दिली नाही. बँक मॅनेजरांना म्हणाली, "पावणं, पातेलं धुऊन आणा आदी."

तिच्या गोठ्याचं जे व्हायचं तेच झालं. ओढा फुटला, पाणी भिंतीला तटलं, मागं फिरलं आणि गोठा बसला. घराची एक बाजू गेली. नंतर भिंतीही फुटल्या, मशिनं गाळात गेली. वरचं घर मात्र कोरडं, छतावर उजेड हलत असणार, बघायला तिथं कुणी नव्हतं.

मगदूम कुटुंब तेवढे दिवस शहरात पाहुण्यांकडं होतं. पाणी उतरायला लागलं तसे आप्पा, आक्का आणि सुकुमार सरांच्या घरी आले, खांबांना काही धोका आहे का ते विचारायला. मी तिथंच होते. पोर्चमध्ये म्हशी बघून आक्का थबकल्या.

"कुणाच्या हो ह्या?"

सर म्हणाले, "तुमच्या."

"आमच्या कुठल्या!"

"तुमच्या घरामागच्या गोठ्यातल्या. गोठा ऱ्हायला न्हाय आता. हितं आणल्या नसत्या तर दाव्यालाच मेल्या असत्या. चार जीव." आवाज चढला नाही. एस्टिमेट वाचून दाखवावं तसं सांगितलं. "भिंत तुमची. पर घर मी काढलंय. म्हणून माझ्या दारात बांधल्यात."

आप्पा खाली बघायला लागले. सुकुमार काहीतरी बोलायला गेला, तर आक्कांनी हात वर केला. हुपरीच्या त्या जुन्या धाटणीच्या बाई, संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत जेवणाऱ्या, दिव्यावर किडा येईल म्हणून जाळी लावणाऱ्या. त्या एका म्हशीजवळ गेल्या. म्हशीच्या गळ्यावर दाव्यानं सोललेलं होतं, तिथं माशी बसली होती. आक्कांनी ती पदरानं हाकलली. परत बसली, परत हाकलली. असं किती तरी वेळ चाललं. मग मुलाकडं न बघताच म्हणाल्या, "मला खाली वर्कशॉप करताना सांगितलासा, पाणी आडंल म्हणून सांगितला न्हाईसा. जीव जातील म्हणून सांगितला न्हाईसा." आणि सरांना म्हणाल्या, "तुमी तरी मला का इचारला न्हाईसा, सर?"

सरांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. म्हणाले, "चुकलं, आक्का."

भिंतींचं जे उरलं होतं ते आक्कांनी उभं राहून पाडून घेतलं. दिवाळीच्या आत हौसाबाईचं घर मगदुमांनी बांधून दिलं आणि नकाशा आम्ही दिला. गोठ्याची जागा काढताना सर आक्कांकडं गेले, या वेळी आधी. आक्का म्हणाल्या, "दुपारच्या उन्हाला आमच्या घराखाली बांधू दे की तिला म्हशी. गार असतंय. पाणी चढलं की रस्त्यावर काढायला उतार करून द्या." सरांनी तो उतार असा काढला की म्हशीचा पाय घसरू नये म्हणून काँक्रीटला काथ्याचे ठसे दिले. घरी जाताना गाडीत मला म्हणाले, "चूल शोधत बसलो होतो बघ मी. प्रत्येकाच्या घरात एक असती. ह्यांची दिसली न्हाय मला."

त्याच हिवाळ्यात सरांच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पट्टा आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही. पुढचा पावसाळा संपायच्या आत सर गेले. पण त्याआधीच्या मे महिन्यात त्यांनी फेरी सोडली नाही. गाडी मी चालवत होते, टेप मागच्या सीटवर होती आणि सर पुढं. इतर घरांशी मीच वाकायचे आणि सांगायचे. मगदुमांच्या गेटाशी मात्र ते हट्टानं उतरले. काठी टेकून उभे राहिले, मान जेवढी जाईल तेवढी खाली केली. घराखालचं काही दिसेना.

मी वाकणार, तेवढ्यात हौसाबाई बांधावरनं आली, डोक्यावर वैरण. तिनं सरांकडं बघितलं, गेटाकडं बघितलं. वैरण खाली टाकली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कण्हत वाकली. हुबेहूब तसंच, जसं ती दरवर्षी बांधावरनं बघत आली असणार.

"काय दिसतंय, मावशी?" सरांनी विचारलं.

"म्हशी हाईत चार. बसल्यात."

"त्यांच्या पलीकडं?"

"दिसतीया की!" ती वाकल्या वाकल्याच ओरडली. "ह्या कडंपास्नं त्या कडंपतोर. सगळी नदी दिसतीया, सायेब!"

वर गॅलरीत आक्का उभ्या होत्या. दोन वर्षं त्या घराचा घोटभर चहा सरांच्या तोंडी लागला नव्हता, म्हणून असेल, आक्कांनी या वेळी विचारलंच नाही. सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मान वर केली.

"आक्का," म्हणाले, "चहा टाका. मावशीला पण."